इन्सुलिन पंप तुमच्या दिवसात बसतो का?

टाइप वन मधुमेह असलेल्या मुलाचे आईवडील किंवा नुकता कमावता झालेला तरुण इन्सुलिन पंपाबद्दल विचारतो, तेव्हा पहिला प्रश्न बहुधा ‘केवढ्याला पडतो?’ हा असतो आणि दुसरा ‘मग टोचणं बंद होतं का?’ हा. दोन्ही रास्त आहेत. पण निर्णय ज्यावर ठरायला हवा तो प्रश्न क्वचितच विचारला जातो: माझा रोजचा दिवस, आणि रात्रही, नेमकी कशी जाते? मी कधी जेवतो, कशाने प्रवास करतो, किती घाम गाळतो, रात्री शुगर घसरली तर मला जाग येते का, घरात माझ्याशिवाय हे कोणाला कळतं? पंप चांगला की वाईट याचं सरसकट उत्तर नाही. तो तुमच्या दिवसात बसतो की नाही, एवढंच ठरवता येतं. त्यासाठी आधी तो काय करतो आणि काय करत नाही हे नीट समजून घेऊ.

टाइप वनमध्ये शरीराचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. त्यामुळे बाहेरून घेतलेल्या इन्सुलिनवरच जगावं लागतं. टाइप टूच्या काही रुग्णांनाही पंप दिला जातो, पण त्यांची गणितं वेगळी असतात. हा लेख टाइप वनपुरता आहे.

निरोगी स्वादुपिंड इन्सुलिन दोन प्रकारे सोडतं. एक थेंबाथेंबाने, चोवीस तास, अगदी उपाशीपोटीसुद्धा. कारण यकृत सतत थोडी थोडी साखर रक्तात सोडत असतं आणि तिला आवर घालावा लागतो. चुलीवरची मंद आच विझू देत नाहीत तसं हे इन्सुलिन. याला बेसल म्हणतात. दुसरं इन्सुलिन जेवणाबरोबर एकदम सुटतं, तो बोलस. पेनने इन्सुलिन घेणारे हेच दोन इंजेक्शनांनी साधतात: दिवसातून एकदा किंवा दोनदा लाँग अ‍ॅक्टिंग आणि प्रत्येक जेवणाआधी रॅपिड. म्हणजे रोज चार-पाच टोचण्या, आणि शुगर चढली तर वरून आणखी एखादी.

पंपात लाँग अ‍ॅक्टिंग नसतंच. लिस्प्रो, अस्पार्ट किंवा ग्लुलायसिन यांपैकी एकच रॅपिड इन्सुलिन त्यात भरतात आणि बेसल व बोलस ही दोन्ही कामं त्याच्याकडूनच करून घेतात. यंत्र मुठीत मावेल एवढं. आत इन्सुलिनचा छोटा साठा असतो, रिझर्व्हॉयर. मॉडेलनुसार त्यात १८० किंवा ३०० युनिट मावतात. एक बारीक मोटर त्या साठ्याचा दट्ट्या कणाकणाने पुढे ढकलते, इन्सुलिन पातळ नळीतून येतं आणि पोटाच्या, मांडीच्या किंवा कमरेच्या कातडीखाली बसवलेल्या मऊ कॅन्युलातून शरीरात जातं. ही कॅन्युला साधारण ६ ते ९ मिलिमीटर लांब असते. नळी आणि कॅन्युला मिळून होतो तो इन्फ्युजन सेट. नेहमीचा सेट दर दोन-तीन दिवसांनी बदलतात. सात दिवस चालणारे सेटही आता निघाले आहेत. टोचणं बंद होतं का, याचं उत्तर इथेच मिळतं: बंद होत नाही, रोजच्या चार-पाच टोचण्यांच्या जागी तीन दिवसांतून एक येते. शुगर सतत मोजणारा सेन्सर लावला तर त्याची एक वेगळी. पाच वर्षांच्या पोराला दिवसातून पाच वेळा धरून ठेवणाऱ्या आईला हा फरक किती मोठा आहे हे सांगावं लागत नाही.

आपल्याकडे एक खबरदारी फार महत्त्वाची. भारतात साध्या इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्या मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात. पंपाचं सगळं गणित १०० युनिटवर बेतलेलं आहे. औषधाच्या दुकानातून आणलेल्या बाटलीवरचा आकडा दर वेळी वाचायचा, ही सवय पंप लावण्याआधीपासून अंगी बाणवलेली बरी.

पंपाची खरी ताकद त्याच्या बारीक मापात आहे. पेनने एक युनिट किंवा फार तर अर्धा युनिट मोजता येतो. आजचे अनेक पंप तासाला ०.०२५ युनिट, म्हणजे युनिटचा चाळिसावा भाग इतक्या बारीक टप्प्याने बेसल बदलू शकतात. दिवसाला एकूण नऊ युनिट घेणाऱ्या लहान मुलीचा विचार करा. डॉक्टर एक ठोकताळा वापरतात: १८०० ला दिवसाच्या एकूण युनिटनी भागलं की एका युनिटने शुगर किती उतरेल याचा अंदाज मिळतो. इथे तो २०० येतो. म्हणजे अर्ध्या युनिटची चूकही तिला शंभरने खाली आणू शकते. अशा मुलांसाठी पंपाचं बारीक माप हीच त्यांची सुरक्षितता आहे, आणि पंपाचा सर्वांत निर्विवाद फायदा मी इथेच मोजेन.

मोठ्यांसाठी बेसलची लवचीकता कामाची ठरते. पहाटे साधारण तीनपासून शरीर वाढीचं हार्मोन आणि कॉर्टिसॉल सोडतं, त्यामुळे अनेकांची शुगर काही न खाता चढते. लाँग अ‍ॅक्टिंगचा डोस वाढवावा तर मध्यरात्री घसरते, न वाढवावा तर सकाळी दोनशेच्या वर. पंपावर चोवीस तासांचे तुकडे पाडता येतात. दिवसाचं बेसल १८ युनिट असेल तर सरासरी तासाला ०.७५ होतं, पण पहाटे ३ ते ७ ते ०.९५ ठेवायचं आणि दुपारी ०.६५ वर आणायचं, असं करता येतं. शिवाय टोचलेलं लाँग अ‍ॅक्टिंग परत काढून घेता येत नाही. पंपाचं बेसल मात्र तात्पुरतं कमी करता येतं: ट्रेकला निघताना, वारीत चालताना, दिवाळीची साफसफाई काढली असताना.

यात एक खाच आहे आणि नवीन माणूस हमखास तिच्यात अडकतो. कातडीखाली आधीच गेलेलं रॅपिड इन्सुलिन तीन ते पाच तास काम करत राहतं. चालायला लागल्यावर बेसल कमी केलं तर त्याचा उपयोग घरी परतल्यावर होतो. ते तास-दीड तास आधी कमी करावं लागतं. म्हणजे संध्याकाळी पाचला खेळायला जायचं हे साडेतीनला माहीत असलं पाहिजे. ज्यांचा दिवस ठरलेला नसतो त्यांनी खिशात ग्लुकोजच्या गोळ्या ठेवायच्याच, पंप असो वा नसो.

आता जेवण. पंपात बोलसचा हिशेब करणारी सोय असते. तिला आधी तुमचे आकडे द्यावे लागतात: एक युनिट किती ग्रॅम कार्बला पुरतं, एका युनिटने शुगर किती उतरते, लक्ष्य काय, इन्सुलिन अंगात किती तास टिकतं. दिवसाला ४० युनिट घेणाऱ्याचे हे आकडे साधारण १२ ग्रॅम आणि ४५ असे निघतात. समजा पानात दोन मध्यम पोळ्या, वाटीभर भात आणि वरण आहे, मिळून अंदाजे ७८ ग्रॅम कार्ब. भागिले १२, साडेसहा युनिट. जेवणाआधीची शुगर १९०, लक्ष्य ११०, म्हणजे ८० जास्त. भागिले ४५, सुमारे १.८ युनिट. पण अकराच्या चहा-बिस्किटांसाठी घेतलेल्या डोसमधलं एक युनिट अजून अंगात आहे. पंप ते लक्षात ठेवतो आणि दुरुस्तीतून वजा करतो. एकूण ७.३. हे ‘अजून अंगात किती’ लक्षात ठेवणं माणसाला सर्वांत कठीण जातं. शुगर उतरत नाही म्हणून दोन तासांत तीनदा टोचून घेणं आणि मग धाडकन खाली येणं यातून पंप खरोखर वाचवतो. हे आकडे मात्र केवळ उदाहरणादाखल आहेत. तुमचे आकडे तुमचे डॉक्टरच तुमच्या नोंदी पाहून ठरवतील.

पण ७८ ग्रॅम हा आकडा कोणी दिला? तुम्ही. पंपाला पानातलं काही दिसत नाही. पोळी घडीची की फुलका, भात वाटीत सैल की दाबून भरलेला, भाजीत बटाटा आहे का, हे डोळ्यांनी तोलायचं काम तुमचंच राहतं. आपल्या जेवणात ते सोपं नाही. लग्नाच्या पंगतीत वाढपी किती वाढणार याचा नेम नसतो, आजी ‘एवढंसं तर आहे’ म्हणत आणखी एक मोदक पानात टाकते, आणि उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी येते, जी जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. पंपाचा उपयोग अशा वेळी होतो, कारण पुन्हा वाढून घेतल्यावर पुन्हा टोचावं लागत नाही, बटणं दाबली की झालं. साजूक तूप घातलेली पुरणपोळी किंवा तर्रीदार मिसळ हळूहळू पचते आणि शुगर तीन-चार तासांनी चढते. त्यासाठी बोलसचा काही भाग आधी आणि उरलेला दोन-तीन तासांत पसरून देता येतो. पेनने हे जमत नाही. तरी कार्ब मोजता न येणाऱ्याच्या हातात पंप म्हणजे अंदाजाने घेतलेला डोस फार अचूकपणे देणारं यंत्र, इतकंच.

यावर चांगला पुरावा आहे. १९८३ ते १९९३ या काळात अमेरिका आणि कॅनडात १,४४१ टाइप वन रुग्णांवर डीसीसीटी हा मोठा अभ्यास झाला. शुगर काटेकोर ठेवली तर डोळे, मूत्रपिंडं आणि नसांचं नुकसान खूप टळतं हे त्यानेच पक्कं केलं. त्यातला काटेकोर उपचारांचा गट पंपही वापरत होता आणि दिवसाला तीन किंवा अधिक इंजेक्शनंही. फायदा साधनापेक्षा पद्धतीचा होता. आणि २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये रिपोज नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात आधी सगळ्यांना कार्ब मोजण्याचं आणि डोस बदलण्याचं सारखं प्रशिक्षण दिलं, मग काहींना पंप आणि काहींना इंजेक्शनं. दोन वर्षांनी दोन्ही गटांचं एचबीएवनसी, म्हणजे शुगरची दीर्घकालीन सरासरी, सुधारलेलं होतं आणि दोघांतला फरक फारसा नव्हता. प्रशिक्षण सोडून पंप घेणाऱ्यांनी हे नीट ध्यानात घ्यावं. हा अभ्यास सेन्सरशी जोडलेल्या आजच्या स्वयंचलित पंपांचा नव्हता, हेही इथेच सांगायला हवं.

त्या नव्या पंपांची गोष्ट वेगळी आहे. दंडावर किंवा पोटावर लावलेला सेन्सर कातडीखालच्या द्रवातली साखर दर पाच मिनिटांनी पंपाला कळवतो. पहिली पायरी म्हणजे शुगर घसरणार असं दिसताच बेसल आपोआप थांबवणं. पुढची पायरी म्हणजे बेसल सतत कमीजास्त करणं. असा पहिला पंप, मेडट्रॉनिकचा ६७०जी, अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झाला. त्यानंतरचा ७८०जी दुरुस्तीचा छोटा बोलसही स्वतःहून देतो. १९६० च्या दशकात पाठीवरच्या पिशवीएवढा प्रायोगिक पंप बनला होता, १९७८ मध्ये लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी कातडीखाली सतत इन्सुलिन देण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि तिथून आपण इथवर आलो आहोत. रात्रीच्या झोपेचा विचार केला तर हा बदल प्रचंड आहे. वर्षानुवर्षं रात्री दोनचा गजर लावून मुलाचं बोट टोचणाऱ्या आईवडिलांना सलग झोप मिळते.

तरीही याला ‘कृत्रिम स्वादुपिंड’ म्हणणं मला पटत नाही. जेवणाची वर्दी अजून तुम्हालाच द्यावी लागते, तीही शक्यतो दहा-पंधरा मिनिटं आधी. सेन्सरचा आकडा रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो. झोपेत त्यावर अंग टाकून पडलात तर शुगर घसरलेली नसतानाही खाली दाखवतो आणि गजर वाजतो. गजर हा या यंत्राचा असा भाग आहे की त्याचा विचार माणसं आधी करत नाहीत. परीक्षेत, मीटिंगमध्ये, मयताच्या घरी, पहाटे तीनला तो वाजतो. काहींना त्याने धीर येतो, काहींना महिन्याभरात नकोसा होतो.

आता पंपाची सर्वांत धोकादायक बाजू. पेन वापरणाऱ्याच्या अंगात लाँग अ‍ॅक्टिंगचा साठा असतो. एखादा रॅपिड डोस चुकला तरी तो काही काळ तारतो. पंपावर असा साठा नसतो. कॅन्युला कातडीखाली वाकली, नळीत हवा अडकली, झोपेत सेट उपसला, तर इन्सुलिनचा पुरवठाच तुटतो आणि काही तासांतच रक्तात किटोन नावाची आम्लं वाढू लागतात. दुर्लक्ष झालं तर किटोअ‍ॅसिडोसिस होतो, म्हणजे उलट्या, पोटदुखी, धाप, आणि रुग्णालय. म्हणून पंपावरच्या प्रत्येकाला एक शिस्त शिकवतात: शुगर २५० च्या वर गेली आणि दुरुस्तीचा बोलस देऊनही उतरली नाही, तर पंपावर विश्वास ठेवायचा नाही. किटोन तपासायचे, दुरुस्तीचा डोस पेनने टोचायचा, सेट बदलायचा, पाणी प्यायचं. किटोन जास्त असतील किंवा उलट्या सुरू झाल्या तर थेट रुग्णालय गाठायचं. याच कारणाने सेट रात्री झोपताना बदलू नये. सकाळी, जेवणाआधी बदलावा आणि दोन तासांनी शुगर पाहावी, म्हणजे काही बिघडलं असेल तर जागेपणी कळतं. भरताना इन्सुलिन फ्रिजमधून काढून आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं, नाहीतर बुडबुडे धरतात.

एवढं कळल्यावर आपला दिवस समोर ठेवावा. आंघोळीला पंप काढून ठेवता येतो, तासाभरापर्यंत चालतं. पण विहिरीवर किंवा समुद्रात दोन-तीन तास डुंबणाऱ्याला त्याचा वेगळा आराखडा लागतो. लोकलमध्ये दाराशी लोंबकळणाऱ्याची नळी कोणाच्या पिशवीत अडकू शकते. नळी साधारण ६० आणि ११० सेंटिमीटर अशा लांबीत मिळते, उभ्याने प्रवास करणाऱ्याने आखूड घ्यावी आणि कपड्यांच्या आत ठेवावी. साडी नेसणाऱ्यांना खिसा नसतो. परकराच्या पट्ट्याला क्लिप लावणं किंवा ब्लाउजच्या आत शिवून घेतलेली छोटी पिशवी, हे उपाय बायकांनी स्वतःच शोधले आहेत आणि ते उत्तम चालतात. कोकणातल्या दमटपणात आणि घामात चिकटपट्टी सुटते, वरून आणखी एक टेप लागते. विदर्भातल्या मे महिन्यात पंपातलं इन्सुलिन अंगाच्या आणि हवेच्या उष्णतेने कमजोर पडू शकतं. भर उन्हात शेतात किंवा दुचाकीवर काम असेल तर पंप कपड्यांच्या आत सावलीत ठेवावा आणि शुगर कारणाशिवाय चढत राहिली तर तीन दिवस न थांबता इन्सुलिन बदलावं. वीज जाण्याची चिंता तेवढी करू नये. बरेच पंप साध्या पेन्सिल सेलवर चालतात आणि इन्सुलिन देण्यासाठी त्यांना इंटरनेट लागत नाही. एमआरआयच्या खोलीत मात्र पंप कधीही न्यायचा नाही.

शाळेत निदान दोन शिक्षकांना तरी पंप म्हणजे मोबाइल नव्हे हे माहीत हवं आणि शुगर घसरल्यावर काय द्यायचं तेही. परीक्षेला जाताना यंत्राबद्दल केंद्राला लेखी कळवून परवानगी हातात ठेवावी, ऐनवेळी दारात वाद नको. नवराबायकोच्या जवळिकीत पंप आड येतो का, हा प्रश्न कोणी डॉक्टरांना विचारत नाही. पंप काढून थोडा वेळ बाजूला ठेवता येतो, आणि परत लावायला विसरायचं नाही, एवढंच उत्तर आहे.

किशोरवयीन मुलांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. या वयात आजार दिसू नये असं फार वाटतं, आणि पंप दिसतो. आईवडिलांनी कर्ज काढून घेतलेला पंप कपाटात पडून राहिला, याचं कारण बहुतेकदा हेच असतं. शिवाय पंपाच्या मेमरीत सगळं नोंदलेलं असतं: कोणता बोलस चुकला, कधी जेवण सांगितलं नाही. त्या नोंदी डोस सुधारण्यासाठी आहेत. घरात त्यांचा रोज संध्याकाळी जाब विचारण्यासाठी वापर झाला तर मूल यंत्रावरच रुसतं. ज्याच्या अंगावर पंप राहणार त्याचा होकार नसेल तर थांबावं. सहा महिन्यांनी पुन्हा विचारावं.

खर्च. पंपाची किंमत लाखांत जाते, पण ती एकदाची. घर हलवतो तो महिन्याचा खर्च. तीन दिवसांना एक धरला तर वर्षाला सुमारे १२० सेट आणि तेवढेच रिझर्व्हॉयर. काही वाया जातातच, म्हणून थोडे अधिक धरा. सात दिवस टिकणारा सेन्सर असेल तर वर्षाला ५२. वर इन्सुलिन, किटोनच्या पट्ट्या, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या. विक्रेत्याकडून प्रत्येक वस्तूचा आजचा भाव लेखी घ्या, या आकड्यांनी गुणा, आणि ती रक्कम पाच वर्षं न थांबता निघेल का ते घरात बसून बोला. पंपाची हमी ठरावीक वर्षांपुरती असते, त्यानंतर काय, तेही विचारा. आपल्याकडच्या बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चाशी बांधलेल्या आहेत, त्यामुळे पंप बसेल असं गृहीत धरू नका. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या नाइस या संस्थेने सेन्सरशी जोडलेले स्वयंचलित पंप सरकारी सेवेतून देण्याची शिफारस केली. आपल्याकडे बहुतेक कुटुंबांना तो खिशातूनच घ्यावा लागतो. आणि कितीतरी कुटुंबांना इन्सुलिन आणि पट्ट्याच परवडत नाहीत. नागपूरचा ड्रीम ट्रस्ट आणि छत्रपती संभाजीनगरची उडान अशा मुलांसाठी वर्षानुवर्षं काम करत आहेत.

पैसे मर्यादित असतील तर माझं मत स्पष्ट आहे: सेन्सर नसलेल्या पंपापेक्षा पेन आणि सेन्सर ही जोडी आधी घ्या. शुगर कुठे चालली आहे हे दिसणं, हे इन्सुलिन देण्याच्या साधनापेक्षा जास्त मोलाचं आहे. सेट कधीतरी मिळणार नाहीत म्हणून एकच नेहमीचा सेट सहा-सात दिवस ताणणाऱ्याची पंपावरची शुगर पेनपेक्षा वाईट होते, कातडीत गाठी पडतात, जंतुसंसर्ग होतो. असा पंप न घेतलेला बरा.

पंपाचा सर्वांत जास्त उपयोग कोणाला होतो? अगदी लहान मुलांना. शुगर घसरल्याची जाणीवच होत नाही अशांना, आणि त्यांनी सेन्सरसहितच घ्यावा. पहाटेच्या चढाने हैराण झालेल्यांना, पाळ्या बदलत काम करणाऱ्यांना, गरोदरपणाची तयारी करणाऱ्या स्त्रियांना, नियमित खेळाडूंना. थांबावं कोणी? जो आज दिवसातून चार वेळा शुगर पाहत नाही आणि सेन्सरही वापरत नाही. ज्याला वाटतं की आता यंत्र सगळं बघेल. ज्याच्या जवळपास पंप समजणारा डॉक्टर किंवा डायबेटिस एज्युकेटर नाही आणि फोनवरही कोणी मिळत नाही.

यातून मार्ग काढण्याची रीत सोपी आहे. आधी दोन महिने पेनवरच पंपासारखं वागून पाहा: प्रत्येक घास मोजा, गुणोत्तराने डोस घ्या, सगळं लिहा. ते जमलं आणि तरीही पहाट किंवा रात्र आटोक्यात येत नसेल, तर पंप तुमची अडचण नेमकी कुठे सोडवेल हे डॉक्टरांना दाखवता येईल. मग काही दिवस यंत्र अंगावर बाळगून पाहण्याची सोय होते का विचारा. काही ठिकाणी इन्सुलिनऐवजी सलाइन भरून पंप लावून देतात. त्या दिवसांत मुद्दाम प्रवास करा, स्वयंपाक करा, घाम गाळा, कुशीवर झोपा. सुरुवात करायची ठरली तर परीक्षेच्या किंवा लग्नाच्या आठवड्यात करू नका, आणि शनिवारी संध्याकाळीही नको. पहिले काही दिवस एज्युकेटरचा फोन लागला पाहिजे.

आणि एक विनंती. पंप लावल्यावरही रॅपिडचं पेन, सुया, किटोनच्या पट्ट्या आणि एक जास्तीचा सेट यांची पिशवी कायम बरोबर ठेवा. लाँग अ‍ॅक्टिंगचं एक पेन फ्रिजमध्ये असू द्या. पंप अचानक बंद पडला तर ते किती युनिट घ्यायचं हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, तो कागद फ्रिजच्या दारावर लावा, घरातल्या आणखी एकाला समजावून सांगा आणि पेनावरची मुदत दर दोन-तीन महिन्यांनी वाचत जा.